चौथी खाच

मला वळणदार रेघ छान काढता येते. शाळेत नकाशा काढला की मास्तर माझी वही वर्गभर फिरवत. तेव्हा जो माज डोक्यात शिरला तो विशी ओलांडली तरी उतरला नव्हता. तो कसा उतरला ते सांगायला बसलोय. सांगताना मजा येणार नाही, आधीच बजावून ठेवतो.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी इंटर सायन्सला आपटून घरी आलो होतो, आणि घरचे लोक माझ्याकडे बाजारातून परत आणलेल्या बैलाकडे बघावं तसे बघत होते. गावात एका डॉक्टरांनी नवा दवाखाना काढला होता. परदेशात शिकून आलेले, अबोल, आणि यंत्रांचं भयंकर वेड. त्यांच्या लॅबोरेटरीत हाताखाली माणूस हवा होता. त्यांनी मला एक आलेख काढायला दिला, मी काढला, त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि उद्यापासून ये म्हणाले. म्हणजे तिथंही माझी रेघच कामी आली.

डॉक्टरांच्या डोक्यात एक खूळ होतं. माणसाचं रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. त्यात निरनिराळी प्रथिनं असतात. गाळणकागदाच्या लांब पट्टीवर सीरमचा एक थेंब ओढायचा, पट्टीची दोन्ही टोकं क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि संध्याकाळी रेडिओच्या बॅटऱ्या जोडून वीज सोडून द्यायची. सकाळपर्यंत ती प्रथिनं कागदावरून पळत जातात. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोड्या सुटाव्यात तशी. अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे, ग्लोब्युलिनं एकामागे एक, आणि शेवटचं ग्लोब्युलिन जागचं हलायलाच तयार नाही. मग पट्टी वाळवून निळ्या रंगात बुडवली की जिथं प्रथिन थांबलं तिथं निळा डाग. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. हा शब्द नीट उच्चारायला मला आठ दिवस लागले.

पण डाग दिसून भागत नाही. कुठला किती गडद, हे आकड्यात पाहिजे. त्यासाठी डेन्सिटोमीटर लागतो: खाली दिवा, मध्ये बारीक फट, फटीवर तेलात भिजवून पारदर्शक केलेली पट्टी, वर उजेड मोजणारा फोटोसेल. डाग गडद तेवढा उजेड कमी, आणि तेवढा काटा खाली. पट्टी थोडी थोडी सरकवत काट्याचे आकडे टिपायचे, ते आलेखाच्या कागदावर उलटे मांडायचे, काटा जितका खाली तितका ठिपका वर, ठिपके जोडले की डोंगरांची एक रांग तयार होते. त्या डोंगरांच्या पोटातले चौकोन मोजले की कुठलं प्रथिन किती ते कळतं. मी एकदा डॉक्टरांना म्हणालो, एवढा खटाटोप कशाला, डाग तर दिसतोच आहे. ते म्हणाले, "डोळ्याला हवं ते दिसतं. काट्याला हवं-नको नसतं." मला हे वाक्य इतकं आवडलं की पुढे वर्षभर मी ते येईल त्याला ऐकवत होतो.

परदेशी यंत्र आमच्या आवाक्यात नव्हतं. डॉक्टरांनी एका मासिकातली आकृती पाहून ते घरीच करायचं ठरवलं. भिंग, फोटोसेल आणि काट्याचं मीटर रेल्वेनं आलं. उरली पेटी. आत उजेडाचा थेंब शिरता कामा नये, आणि पट्टीची चौकट नेमक्या अंतरानं पुढे सरकली पाहिजे. त्यासाठी रिसोडच्या वाटेवरच्या एका खेड्यातून मिस्त्री बोलावले. बंड्या म्हणजे बैलगाड्या, वखर, तिफणी करणारे सुतार. पन्नाशीचे, उंच, हातांची बोटं चपटी झालेली. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणायचो, ते मला बाबू म्हणायचे.

चौकटीखाली बसवायला त्यांना एक लाकडी पट्टी करायची होती. सहा इंच लांब, तिच्या कडेला खाचा, आणि दर खाचेत एक लोखंडी जीभ टक करून बसणार. इंचाचे सूत आठ, आणि डॉक्टरांना खाच हवी होती दर अर्ध्या सुतावर. म्हणजे शहाण्णव खाचा. मिस्त्रींनी ऐकलं आणि डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "बंडीचं काम अर्धा सूत इकडेतिकडे झालं तं बंडी चालते, बाबू. हे कायले पाह्यजे इतकं बारीक?" मी ऐटीत सांगितलं की यावरून माणसाच्या रक्तातला रोग कळणार. त्यांनी रुमाल परत डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, की मग घाई करायची नाही, आठ दिवस लागतील.

आठाचे अकरा दिवस लागले. त्यांनी लाकूड आणलं ते कुठल्याशा पाडलेल्या घराच्या तुळईचं, जुनं सागवान. किती पावसाळे खाल्लेत याचा हिशेब नाही, ते म्हणाले. हे लाकूड आता फुगत नाही आणि आखडत नाही, माणसापेक्षा भरोशाचं आहे. एकेक खाच ते कानशीनं घासत, फुंकर मारत, जीभ बसवून बघत, पुन्हा घासत. जाताना त्यांनी मला बांबूची एक पातळ कामटी दिली. बंडीच्या चाकाची गोलाई आखायला ते तीच वापरत. ठिपक्यांवर कामटी वाकवून धरायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. रेघ अशी यायची की डॉक्टरसुद्धा क्षणभर बघत राहायचे.

आता माझं शहाणपण ऐका.

पेटीतला दिवा मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. शहाण्णव खाचा टिपायला तासावर वेळ जाई आणि तोवर बॅटरी उतरायला लागे. दिवा मंद झाला की काट्याचे शेवटचे आकडे खोटे येत. मग बॅटरी मोटारस्टँडवर नेऊन भरून आणायची, ते काम माझंच. महिनाभरात मी कंटाळलो आणि दर चौथ्या खाचेवर आकडा टिपू लागलो. चोवीस आकडे, पाव तासात काम खलास. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी दोन-तीन चांगल्या धडधाकट माणसांचं रक्त दोन्ही रीतींनी मोजायला लावलं. आलेख सारखेच आले. ते बरं म्हणाले. धडधाकट माणसाच्या रक्तात चोवीस खाचा आणि शहाण्णव खाचा एकच गोष्ट सांगतात. बाकीच्या खाचा आजारी माणसासाठी असतात, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एकदा मिस्त्री पेटीच्या झाकणाची बिजागरी बसवायला आले होते. मी टक टक टक करत तीन खाचा सोडून चौथीवर थांबतोय, हे त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मंग मधातल्या मी कायले कोरल्या?" मी वर न बघता म्हणालो की काका, तुमचं काम लाकडाचं, आमचं रक्ताचं, त्यातलं तुम्हाला नाही समजायचं. त्यांनी बिजागरीचा शेवटचा स्क्रू पिळला, झाकण दोनदा लावून पाहिलं आणि गेले. बाविशीतलं पोर पन्नाशीच्या कारागिराला हे बोललं. तेव्हाच कुणी माझ्या कानाखाली ठेवून दिली असती तर फार बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात मिस्त्री दवाखान्यात आले ते मुलाच्या बंडीत आडवे होऊन. पाठ मोडून आल्यासारखी दुखत होती. लाकूड तासायचा वासला उचलवत नव्हता. चेहरा पांढरा पडला होता. अकोल्याहून क्ष-किरणांचा फोटो काढून आणला तर कण्यातला एक मणका चेपलेला. डॉक्टरांना दोन शंका होत्या आणि त्यांनी त्या मिस्त्री, त्यांची बायको, मुलगा आणि मी असे चौघे समोर असताना सरळ सांगितल्या. एक, हाडाचा क्षय. तो असेल तर दूरच्या क्षयाच्या दवाखान्यात जायचं, मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरच्या साच्यात वर्षभर उताणं पडून राहायचं, सुया घ्यायच्या, आणि बरं व्हायची आशा चांगली. दुसरा, हाडांच्या मगजाचा, म्हणजे मज्जेचा, एक क्वचित होणारा रोग. त्यावर औषध नाही. तो असेल तर प्लास्टर नको, परगाव नको, दुखणं कमी करायचं आणि घरी राहायचं, जेवढे दिवस असतील तेवढे. दोन्हींत फरक कसा करणार? रक्तातल्या प्रथिनांवरून. क्षय असेल तर शेवटच्या ग्लोब्युलिनचा डोंगर पसरट वाढतो. दुसरा रोग असेल तर तिथंच एक उंच, अरुंद सुळका उभा राहतो. चुकायचं कारण नाही.

मिस्त्रींच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघत होते. रक्त काढून मी निघालो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "नीट पाह्य, बाबू. क्षय असन तं जाईन मी, कुठीही जाईन. पन नसन तं मले घरून नोको हालवू."

मी म्हणालो, काळजी करू नका, तुमचीच पेटी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी रंगवली. शेवटच्या पट्ट्यात, फिकट निळ्या पसाऱ्याच्या मधोमध, जेमतेम दीड सूत रुंदीची एक काळपट निळी रेघ होती. मला ती दिसली. हे मी आज लपवत नाही, दिसली. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण आम्ही तर डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून पेटी केलेली! मला वाटलं, कागदाला घडी पडली असेल, रंग साचला असेल. काटा सांगेल ते खरं. तेल लावून पट्टी चौकटीत घातली आणि चौथी, आठवी, बारावी खाच करत गेलो. बॅटरी त्या दिवशी अर्धीच भरलेली होती, म्हणून हात आणखी चालवला. त्या रेघेचा बराचसा भाग माझ्या दोन थांब्यांच्या मधेच राहिला. फक्त तिची कड एका थांब्याखाली आली आणि काटा एकदम खाली पडला.

ठिपके मांडले. तेवीस ठिपके शहाण्यासारखे रांगेत, आणि एक वर उडालेला. मी कामटी वाकवली. ती त्या ठिपक्यापर्यंत जाईना. जास्त वाकवली तर मोडेल अशी वेळ आली. आता माणसानं काय करावं? चौकट मागे न्यावी, सोडलेल्या खाचा एकेक मोजाव्यात. दहा मिनिटांचं काम. मी काय केलं? बॅटरीचा चिमटा ढिला असेल, काटा दचकला असेल, असं स्वतःला समजावलं आणि तो ठिपका खोडरबरानं पुसला. मग कामटी छान बसली. जो सुळका उभा राहिला असता त्याची पसरून टेकडी झाली. मऊ, गोल, देखणी टेकडी. चौकोन मोजले, आकडे लिहिले, कागद डॉक्टरांकडे नेला.

त्या दिवशी त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली होती. त्यांनी आलेख पाहिला, सुरेख म्हणाले, आणि क्षयाचं निदान लिहिलं.

मिस्त्रींना खंडव्याच्या गाडीनं नेलं. स्टेशनवर त्यांना फळीवर झोपवून आणलं होतं, फळी त्यांच्याच घरची. बायकोला त्या क्षयाच्या दवाखान्यात राहू देत नव्हते, ती फलाटावरून परत फिरली. मुलगा पोचवून आला. पुढे महिन्या दोन महिन्यांनी कुणाच्या तरी हातून लिहिलेलं पत्र यायचं. प्लास्टरमध्ये उताणं पडून छताकडे बघतो, छताच्या वाशांत कुठे गाठी आहेत त्या पाठ झाल्या, असं त्यांनी एकदा लिहवलं होतं. दुसऱ्या एका पत्रात पेटीचं झाकण नीट लागतं का म्हणून विचारलं होतं. मी उत्तर लिहायचं ठरवत होतो, आणि ते राहून गेलं.

नऊ महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं. सुयांचा काही उपयोग नाही, आणखी दोन मणके चेपले, बरगड्या गेल्या. त्यांनी लघवी तापवून तिच्यातलं प्रथिन पाहिलं, मग हाडातला मगज तपासला. क्षय नव्हताच. दुसराच रोग होता, पहिल्यापासून.

डॉक्टरांनी मला बोलावलं आणि जुनी पट्टी मागितली. मी पट्ट्या रजिस्टरात दाबून ठेवत असे, म्हणून मिळाली. त्यांनी ती हातात घेतली, खिडकीशी गेले, आणि पाठमोरेच उभे राहिले. मग म्हणाले, सगळ्या खाचा मोज. भरलेली बॅटरी आणली. टक, आकडा. टक, आकडा. शहाण्णव वेळा. अल्ब्युमिनचा डोंगर तेहतिसाव्या-चौतिसाव्या खाचेशी संपला, नंतर बारीकसारीक चढउतार होते, आणि एकोणऐंशीव्या खाचेपासून काटा जो पडायला लागला तो पडतच गेला. कामटीचं कामच नव्हतं. नुसते ठिपके जोडले तरी सुळका उभा. पोराटोराला दिसला असता.

डॉक्टर मला ओरडले नाहीत. चूक माझी, पट्टी मी स्वतः बघायला हवी होती, एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या माणसानं मला तीही सोय ठेवली नाही. त्या रोगाला औषध नव्हतं, हे खरं. आम्ही त्यांचा जीव घेतला नाही. पण औषध नव्हतं तरी घर होतं, आणि ते नऊ महिने मी खोडरबरानं पुसले.

मिस्त्रींना परत आणलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला सांगितलं होतं की यंत्राच्या मापात चूक झाली. त्यांनी ते माझ्यावर पांघरूण घालायला सांगितलं, की बाईंना तेवढंच समजेल म्हणून, कोण जाणे. आठवड्यानं मी सायकल काढून त्यांच्या खेड्यात गेलो. सगळं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. वाटभर वाक्यं जुळवत होतो.

ओसरीत खाट टाकली होती. माणूस एवढासा झाला होता. समोर अंगणात मुलगा बंडीचं जू तासत होता आणि मिस्त्री पडल्या पडल्या त्याच्या हाताकडे बघत होते. बायकोनं मला पाणी दिलं. मी खाटेशी बसलो. आधी मिस्त्रीच बोलले, अगदी हळू. "बाबू, माह्या खाचा चुकल्या का रे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. यंत्राच्या मापात चूक झाली, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि यंत्राचं माप म्हणजे त्यांच्या खाचा. नऊ महिने उताणं पडून आलेला तो माणूस आता रात्रंदिवस हाच विचार करत होता की आपली कानस कुठे घसरली.

नाही म्हणायचं होतं. नाही काका, खाचा बरोबर होत्या, मी सोडल्या, तुम्ही मला विचारलंही होतं. चार वाक्यं. पण मुलगा हातातलं काम थांबवून इकडे बघत होता, आणि त्याची आई दाराशी उभी होती. खाचांना दोष द्यायची हिंमत नव्हती आणि स्वतःला द्यायची त्याहून नव्हती. म्हणून मी मधली वाट काढली.

"लाकूड फुगलं असन, काका," मी म्हणालो. "त्या साली पानी लय होतं."

नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रींनी डोळे मिटले. जुनं सागवान होतं, ते म्हणाले, थांबले, मग म्हणाले की असेल, बाप्पा. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाले, "डॉक्टरले सांग, दुसरी करून देतो. उठलो का पहिले तेच करतो."

पाचव्या दिवशी ते गेले.

त्यानंतर मी पेटीतली ती खाचांची पट्टी उचकटून काढली आणि डॉक्टरांच्या कपाटातल्या सूक्ष्ममापकानं एकेक खाच मोजली. का मोजली ते मलाच माहीत नाही. कदाचित एखादी तरी चुकलेली निघावी असं वाटत असेल. शहाण्णव खाचांत एकही हललेली नव्हती. मी ती परत बसवली आणि तिथं नोकरी केली तोवर दरवेळी शहाण्णव आकडे टिपले. बॅटरी भरायला दोनदा मोटारस्टँडवर जावं लागलं तरी. त्याचा कुणाला फायदा झाला असेल तर होवो, मिस्त्रींना झाला नाही.

पुष्कळ वर्षांनी रिसोडला एका लग्नाला गेलो होतो. त्यांचा मुलगा भेटला. त्याचे केस पांढरे झाले होते, बाजाराजवळ त्याचं स्वतःचं सुतारकीचं दुकान होतं. त्यानं आग्रहानं बसवलं, चहा मागवला. तेवढ्यात एक शेतकरी पाडलेल्या घराची तुळई विकायला आला. चांगलं जुनं, काळं पडलेलं सागवान. मुलानं हातसुद्धा लावला नाही, नको म्हणून परत पाठवलं. मी विचारलं, असं लाकूड कोण सोडतं?

तो म्हणाला, "बा मरताना सांगून गेला. जुन्या सागवानाचा बी भरोसा ठेवू नोको, फुगते. तवापासून नाई घेत मी."

माझ्या हातात कप होता. शेतकरी अजून तुळई खांद्यावर घेऊन रस्त्यातच होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी चहा संपवला, चांगला झाला होता म्हणालो, आणि लग्नघरी परत आलो. लाकूड फुगलं नव्हतं. हे मी त्याला त्या दिवशीही सांगितलं नाही.